खिडकी लावून तळलेले अनारसे

मनवेलपाड्यातल्या त्या इमारतीला चार मजले होते आणि लिफ्ट नव्हती. शहाण्णव सालच्या मे महिन्यात टँकरचं पाणी घेऊन वर चढताना आत्माराम घाडी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घसरला. दोन्ही हातांत भरलेले कॅन होते. ते सोडून कठडा धरावा हे त्याच्या मनातही आलं नाही, कारण तासभर रांगेत उभं राहून मिळवलेलं पाणी होतं ते. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, पण डावा पाय दीड इंच आखूड राहिला तो राहिलाच.

आत्माराम फिटर होता. अठरा वर्षं मशीनसमोर उभं राहून काम केलेला माणूस. आता अर्धा तास उभं राहिलं की कंबरेतून कळ निघायची. नोकरी गेली. त्याची बायको प्रमोदिनी दहिसरच्या एका नर्सिंग होममध्ये केसपेपर काढायच्या कामाला लागली. सकाळी सातला बाहेर पडायची, ती रात्री साडेआठला घरी. मुलगी इशिता चार वर्षांची. आणि आत्माराम तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरायला त्याला वीस मिनिटं लागत, वर चढायला त्याहून जास्त. वाटेत शेजारपाजारचे हळहळत उभे राहत, ते वेगळंच. म्हणून डॉक्टरकडे जायचं सोडलं तर त्याने उतरणंच बंद केलं. दिवसभर तो खिडकीत बसायचा. खालून चालणाऱ्या माणसांच्या डोक्यांवरून तो त्यांना ओळखायला शिकला.

पुढच्या वर्षी इशिताच्या बालवाडीत कार्यक्रम होता, त्यासाठी तिला परकर-पोलकं हवं होतं. प्रमोदिनी कामावरून आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "बाईंना सांगते, नसेल जमत म्हणून." लग्नात माहेरहून आलेलं तिचं हातमशीन पलंगाखाली चादरीत गुंडाळून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर आत्मारामने ते बाहेर ओढलं. मशीन म्हटल्यावर त्याचा हात आपोआप तेलाच्या डबीकडे गेला. सगळं खोललं, साफ केलं, जोडलं. मग इशिताचा जुना फ्रॉक शिवणीशिवणीने उसवून त्याने वर्तमानपत्रावर पसरला, पेन्सिलने आखला आणि एकेका भागाचं माप स्टीलच्या पट्टीने घेतलं. बाही म्हणजे काय, गळा कसा वळतो, शिवणीसाठी कापड किती सोडायचं, हे त्या उसवलेल्या तुकड्यांनीच त्याला दाखवलं. प्रमोदिनीची विरलेली जांभळी साडी होती, तिचे काठ अजून शाबूत होते. चार दिवसांत परकर झाला, पोलकंही झालं. पोलक्याची एक बाही उलटी लागली होती, ती उसवून परत लावली.

प्रमोदिनीने ते उलटसुलट करून पाहिलं. "कोणी शिवलं?"

"मी."

 ती त्याच्या शेजारी बसली.

त्याच दिवाळीत अनारसे झाले. फराळाचं कसं करायचं या काळजीत प्रमोदिनी होती, तर आत्माराम म्हणाला, तू फक्त सामान आण. लहानपणी गावाला आईच्या शेजारी बसून त्याने पाहिलं होतं: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सावलीत सुकवायचे, दमट असतानाच दळायचे, मग गूळ. पहिला घाणा कढईत हसला. म्हणजे अनारसा तुपात पडला आणि जाळी धरायच्या ऐवजी विरघळून सगळीकडे पसरला. आत्मारामने गॅस बंद केला आणि विचार केला. गूळ जास्त झाला की पीठ ओलं राहिलं? त्याने पिठाचे चार गोळे केले, एकात एक चमचा तांदळाचं पीठ, दुसऱ्यात दोन, असं करत गेला. तिसरा गोळा जमला. खसखस वरच्या अंगाला ठेवून, न उलटता, झाऱ्याने वरून तूप उडवत त्याने तळले. निथळायला उभे ठेवले तेव्हा प्रत्येकाची जाळी सारखी होती.

नेमका त्या दिवशी त्याचा मोठा भाऊ जयवंत नायगावहून आला. दारातूनच त्याला दिसलं, आत्माराम पाटावर बसलाय, पुढे कढई, हातात झारा.

"काय रे आत्मा," जयवंत हसत म्हणाला, "बायको कमवायला आणि तू चुलीपुढे? लुगडं नेसायचं तेवढं बाकी आहे."

अनारसे मात्र त्याने सहा खाल्ले. तो गेल्यावर आत्माराम प्रमोदिनीला म्हणाला, "हे कोणाला सांगायचं नाही. कोणालाच. तू केलंस म्हणायचं."

"अहो, पण..."

"नाही म्हणजे नाही."

समोरच्या खोलीतल्या यमुनामावशींना ताट दिलं तेव्हा प्रमोदिनीने कोणी केलं ते सांगितलंच नाही. मावशी आगाशीकडच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. एक अनारसा मोडून त्यांनी जाळी बघितली. "कोन म्हनेल गं नोकरी करून केलंस! हाताला चव हाय तुज्या." प्रमोदिनी हसली. तिथून ते सुरू झालं.

शेजारणींनी इशिताचं परकर-पोलकं पाहिलं होतं. "वहिनी, माझ्या मुलीला एक शिवून द्या ना, जुन्या साडीचंच." "नातवाच्या बारशाला झबलं-टोपडं द्याल का?" प्रमोदिनीला नाही म्हणता येईना, जिन्यात भेटणाऱ्या बायकांना नाही कसं म्हणायचं? ती मापं चिठ्ठीवर लिहून आणायची. आत्माराम त्यावरून बेतायचा, कापायचा, शिवायचा. शिवलेलं ती देऊन यायची आणि कौतुक घेऊन परत यायची. ते कौतुक ती दारातच उतरवून ठेवल्यासारखी त्याला सांगायची. पुढेपुढे सांगेनाशी झाली.

एक खोटं सांभाळायला काय काय करावं लागतं! दुपारी प्रमोदिनी घरात नाही आणि मशीनचा आवाज येतोय, असं चालणार नव्हतं. म्हणून तो मशीनखाली गोधडीच्या दोन घड्या घालायचा आणि पाण्याचा पंप सुरू असेल तेवढाच वेळ शिवायचा. पंप थांबला की हात थांबायचा, अर्धी शिवण तशीच सुईखाली. खिडकी लावलेली. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाचा थेंब कापडावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलेलं. बेल वाजली की मशीनवर चादर, तुकडे पलंगाखाली, आणि हातात वर्तमानपत्र. तळणीचा वास तर लपवता येत नाही. म्हणून तळण फक्त रविवारी, प्रमोदिनी घरात असताना. आठवड्याचा तिचा एकुलता एक मोकळा दिवस, तो ती दार लावून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून घालवायची. नायगावला तिची बहीण राहायची, तीन स्टेशनं पलीकडे. चार वर्षांत तिच्याकडे निवांत जाणं झालं नाही.

आत्माराम वरून बघायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या सुरुचीची मुलगी उन्नती त्याने शिवलेला पिवळा फ्रॉक घालून शाळेला जायची. त्याचा घेर नेहमी एका बाजूला खाली ओढल्यासारखा दिसायचा. माप चुकलं की कापड तिरकं कापलं गेलं? त्याने दोनदा चिठ्ठी तपासली. खाली जाऊन त्या मुलीला एकदा सरळ उभं करावं, असं त्याला फार वाटायचं. पण खाली जाऊन तो सांगणार काय होता?

दोन हजार एकच्या दिवाळीआधी इमारतीतल्या महिला मंडळाने अंगणात मांडव घातला आणि फराळाचं प्रात्यक्षिक ठेवलं. अनारसे कोण करून दाखवणार, हे कोणी कोणाला विचारलंही नाही. फळ्यावर प्रमोदिनीचं नाव लागलं.

"मला नाही येत," ती घरी येऊन म्हणाली. "तुम्ही सांगा त्यांना. की मी सांगू?"

"पीठ मी देतो. थापायचं आणि सोडायचं, एवढंच तर आहे."

"एवढंच नाही ते. तुम्हाला माहीत आहे." तिचा आवाज चढला. "लोक माझ्याकडे बघून बोलतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी दिवसभर केसपेपर काढते, तेवढंच येतं मला. तेवढ्याचं मला कोणी चांगलं म्हटलं तरी पुरे आहे."

"आणि मला काय म्हणतील?"

"काय म्हणतील? शिवतो, तळतो म्हणतील. खोटं आहे का?"

तो खिडकीकडे वळला. आठ दिवस ती रोज विचारत राहिली आणि तो रोज तिला थापायला शिकवत राहिला. तिचे पाचातले तीन कढईत हसायचे.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला माईक सुरू झाला. आत्मारामने खिडकी बोटभर उघडी ठेवली होती. आधी कोणाच्या तरी चकल्या झाल्या. मग प्रमोदिनीचं नाव. ती तांदळाबद्दल बोलली, पाठ केलेलं बोलली. मग बराच वेळ काही नाही. तुपाचा आवाज तिसऱ्या मजल्यावर येत नाही, पण त्याला कळलं. कोणीतरी म्हणालं, "होतं असं, दुसरा टाका." परत थोडा वेळ गेला.

मग माईकवर तिचा आवाज आला, एकदम साधा. "मला अनारसे येत नाहीत. हे पीठही माझं नाही. आमच्याकडे अनारसे माझे मिस्टर करतात. तुम्ही शिवून नेलेले कपडेही त्यांनीच शिवलेत. चार वर्षं मी खोटं बोलले."

 मग एक पुरुष हसला, त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं. माईक किंचाळला. बायका काय बोलत होत्या ते त्या गलक्यात ऐकू आलं नाही. आत्मारामने खिडकी लावली आणि खिटी घातली.

ती वर आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं," ती म्हणाली. "आठ दिवस विचारत होते."

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिनेही मनधरणी केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. सवयीने त्याने मशीनवर चादर टाकली आणि वर्तमानपत्र उचललं. इशिताने दार उघडलं. सुरुची होती, बरोबर उन्नती, हातात कापडाची पिशवी.

"भाऊजी, तुम्हीच शिवता ना? मग मापं तुम्हीच घ्या. दर वेळी वहिनी घाईघाईत घेतात आणि हिचा फ्रॉक वाकडा बसतो."

आत्मारामने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. टेप शोधायला त्याला उगाचच वेळ लागला. "सरळ उभी राहा," तो म्हणाला. मुलगी उभी राहिली. त्याने तिच्या दोन्ही खांद्यांवर बोटं ठेवली आणि थांबला. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. कापड सरळच कापलं गेलं होतं. कागदावरच्या मापात खांदा दिसत नाही, आणि वरून बघताना तर नाहीच.

"शाळेचं दप्तर कुठल्या खांद्यावर घेतेस?"

"याच."

"आता दुसऱ्या खांद्यावर घेत जा. आणि हा फ्रॉक मी तुझ्या मापाचा करतो."

त्यानंतर बायका वर येऊ लागल्या. सगळं काही गोड झालं, असं मात्र नाही. इमारतीतले पुरुष आपसात त्याला 'अनारसेवाले' म्हणायचे, तो खिडकीत दिसला की जरा मोठ्याने. जयवंतने त्या दिवाळीला यायचं टाळलं, पुढच्याही. यमुनामावशींना मात्र दुसरंच दुःख: "मला एकटीला तरी सांगायचं व्हतं!" जिने तेवढेच राहिले आणि पायही तेवढाच. दोन हजार तीनमध्ये वसईला कापड बेतण्याचा वर्ग घ्याल का, असं कोणी विचारलं. तो एकदा जाऊन आला, तीन दिवस बिछान्यात पडला आणि नाही म्हणाला. ज्याला शिकायचं त्याने वर यावं. चौघी-पाच जणी आल्याही.

आता तो भर दुपारी मशीन चालवायचा, पंप असो नसो. तळणही कुठल्याही वारी करायचा.

दोन हजार एकच्या त्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी प्रमोदिनीने इस्त्रीची साडी नेसली. इशिताचे केस विंचरले.

"ताईकडे जाऊन येते. संध्याकाळ होईल."

"जा."

"डबा झाकून ठेवलाय."

"बघतो."

दोघींची पावलं जिन्यावरून खाली जात राहिली, मग ऐकू येईनाशी झाली. आत्माराम खिडकीत आला. ती फाटकापाशी रिक्षा थांबवत होती, मुलीशी काहीतरी बोलत हसत होती. तिने वर पाहिलं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. रिक्षा वळून गेली. तो परत येऊन बसला, पाय नीट लांब केला आणि कोणाच्या तरी झबल्याच्या बाहीला चुण्या घालायला घेतल्या.