खिडकी अडवणारं ऑर्किड आणि आमचे कटिंग मास्तर

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान चाळीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. जगातली वस्तू एकतर मापात असते, नाहीतर मास्तरांनी तिला अजून कात्री लावलेली नसते, अशी त्यांची पक्की समजूत. घरातला पडदा सरळ करता करता चार वेळा कापला, तो शेवटी खिडकीच्या अर्ध्यावर येऊन लोंबत राहिला. वर म्हणे, आता फिटिंगला बसला.

निवृत्त झाले तेव्हा कारखान्यातल्यांनी एक कुंडी दिली. स्लिपर ऑर्किड. एकच फूल, पुढे सपातेच्या टोकासारखी फुगीर पिशवी. दोन महिने टिकलं. मास्तरांना वाटलं, आपल्यामुळेच टिकलं. तेवढ्यावर गडी झाडांचा जाणकार झाला.

फूल गळालं आणि कुंडीला घरातली उन्हाची एकुलती एक खिडकी मिळाली. तिथे माझ्या बहिणीची खाट होती. ती खाट गेली मागच्या खोलीत, जिथे खिडकी उघडली की समोर शेजारच्यांची भिंत. बहिणीचे गुडघे आखडलेले, डॉक्टरांनी सकाळचं ऊन घ्यायला सांगितलेलं. मास्तर म्हणाले, "पुन्हा फूल येईपर्यंतच गं. फूल आलं की खोली तुझी."

तीन वर्षं गेली. फूल नाही, आणि खाट मागेच.

मी गेले की मास्तर मला कुंडीसमोर उभं करायचे. "ताई, जरा लांबून. तिच्यावर श्वास सोडू नका."

"मग काय, श्वास घरी ठेवून येत जाऊ?"

"ताई, नको गं चिडवूस," बहीण आतून म्हणायची. "तू जातेस निघून. मला दिवसभर ऐकावं लागतं."

झाड बिचारं आपल्या परीने धडपडायचं. बुडाशी हिरवा कोंब काढायचं. मास्तर लगेच कात्री घेऊन हजर. "फुकटखाऊ आहेत हे. जुन्या झाडाचं सत्त्व खातात. जादा कापड उडवलं की माल कसा सुबक दिसतो!" अशी अक्कल पाजळत चार कोंब उडवले.

बहिणीला खाटेवरून उठायलाही हात द्यावा लागायला लागला, तेव्हा मीच रोपवाटिकेवाल्या बाईंना घेऊन गेले. नखांत माती, बोलणं रोखठोक. मला लगेच आवडल्या.

"याला एकदा फूल येऊन गेलंय ना?"

"दोन महिने टिकलं!" मास्तरांनी छाती फुगवली.

"मग पानांच्या या जुडीला आता जन्मात फूल येणार नाही. एका जुडीला एकदाच येतं. पुढचं फूल बाजूच्या नव्या कोंबाला. कोंब कुठायत?"

मास्तर खिडकीचा पडदा सरळ करायला लागले.

"कापले," बहीण म्हणाली. "चारही."

बाईंनी मास्तरांकडे जसं पाहिलं, तसं मी बहिणीच्या लग्नापासून पाहत आलेय. सोबत मिळाली म्हणून बरं वाटलं.

"पानंही उन्हाने पिवळी पडलीत. याला नुसता उजेड हवा."

"मागच्या खोलीत आहे तेवढा?" बहिणीने विचारलं.

बाई बघून आल्या. "अगदी तेवढाच."

"पण आपलं ठरलंय," मास्तर पुटपुटले. "आधी फूल, मग खोली."

"कोंब आला आणि तुम्ही हात लावला नाहीत, तर दोन-तीन वर्षांनी फूल," बाई म्हणाल्या.

बहीण भिंतीचा आधार घेत उठली, कुंडी उचलली, लंगडत मागे नेऊन ठेवली आणि परत येऊन म्हणाली, "अहो, खाटेला हात लावा."

लावला. खाट दारात अडकली, तर मास्तर म्हणतात, पाय चार बोटं कापले की निघेल! बाईंनी आणि मी ती आडवी करून काढली.

आता बहीण सकाळी गुडघे उघडे टाकून उन्हात बसते. मास्तर मागच्या खोलीत स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून, झाडाची राखण करतात. गेल्या महिन्यात आतून हाक आली, "ताई, कोंब आलाय, बघायला या!" मी बहिणीशेजारी खाटेवर पाठ शेकत बसले होते. उठले नाही.