अर्धी राहिलेली कटिंग

शेलूबाजारला मी ज्याच्याकडे वर्षानुवर्षं कटिंग करतो, तो माणूस दरवेळी "कसे ठेवू?" म्हणून विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या मनानं कापतो.

एका रविवारी मोटारसायकलवाल्या पोरांची टोळी आली होती. कुठल्याशा पिक्चरमधल्या गँगसारखे सगळ्यांनाच कानांवरचे केस साफ हवे होते. त्यातली दोघं माझ्याच शाळेत शिकलेली. मी बाकावर पेपर वाचत होतो. तेवढ्यात हायवेवरच्या हॉटेलात स्वयंपाक करणारा मणिपूरचा तरुण आत आला. खुर्चीतला पोरगा हसून म्हणाला, "ए चिनी, तुया देशात जाऊन काप ना!" बाकीचे खिदळले.

मशीन बंद झाली. "ऊठ," कटिंगवाला म्हणाला.

"काका, एकच बाजू झाली ना!"

"त्याची माफी माग. मंग दुसरी करतो."

पोरगा तसाच तणतणत निघून गेला. त्याच्यामागं टोळीही गेली. कटिंगवाल्यानं खुर्ची झटकली, मणिपूरच्या तरुणाला बसवलं आणि विचारलं, "कैसे रखू?" या वेळी मात्र तो उत्तर येईपर्यंत थांबला.

ती पोरं पुन्हा आली नाहीत. परवा मी म्हटलं, "तुमची गिऱ्हाइकं तुटली ना."

"त्याईचं जाऊ द्या, मास्तर," वस्तरा पुसत तो शांतपणे म्हणाला. "ते तं पोरं होते. तुमी काहून गप बसले होते?"