अठरापर्यंत मोजणारा

रोग्याची नाडी त्याला सांगून मोजावी, श्वास मात्र चोरून मोजावा, हे चारुशीला रामटेके नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस धड श्वासही घेत नाही. म्हणून ती खाटेच्या उशाशी, रोग्याला दिसणार नाही अशी बसे, घड्याळ हातात धरी आणि मिनिटभर छातीकडे बघे. या चोरीत तिचा हात धरणारं अख्ख्या धंतोलीत कोणी नव्हतं.

बहात्तर साली तिच्या दवाखान्यात डॉ. मधुकररावांनी गांजाचा अभ्यास काढला. गांजा ओढून डोकं फिरलेली आठ माणसं त्यांनी आठ गावांतून जमवली. गांजा बंद झाला की वेड उतरतं की मागे उरतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. माणूस भला, पण एकदा एखादी कल्पना डोक्यात शिरली की जुन्या भाडेकरूसारखी ती काही केल्या निघत नसे.

तिसऱ्या आठवड्यात काटोलकडचा बळीराम म्हणाला, "सिस्टरबाई, दुपारी झोपेची सुई देल्यावर माझ्या मागं कोणीतरी येऊन बसते. माझे श्वास मोजते. अठरा झाले का थांबते. मंग मले वाटते, संपले माझे."

दोन दिवसांनी भंडाऱ्याचा रुपराव तेच बोलला. मग कवडू. खोल्या वेगळ्या, गावं वेगळी, एकमेकांची तोंडओळखही नाही. कोणी सोळा म्हणे, कोणी वीस, मोजणारा मात्र सगळ्यांच्या मागे. चारुशीला दीक्षा घेतलेल्या घरची पोर, त्या घरातून भुताखेतांना छप्पन सालीच रजा मिळाली होती. तरी खोलीत शिरताना ती आधी कोपरे बघू लागली.

डॉक्टर मात्र हरखून गेले. "गांजा सुटला तरी मोजणारा सुटत नाही, सिस्टर! हे अजून कोणी लिहिलेलं नाही."

ज्याचा मोजणारा जाईना, त्याला शॉक द्यायचे ठरले. बळीरामला सहा झाले. शॉकनंतर श्वासाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, म्हणून चारुशीला त्याच्या उशाशी आणखी वेळा बसू लागली. दर सोमवारी त्याची बायको कौसल्या भाकरी बांधून येई आणि विचारी, "कवा सोडता जी?"

"मोजणारा गेला का सोडू," चारुशीला बळीरामच्या देखतच सांगे.

एका रविवारी इंदोरा वस्तीतल्या घरी तिची आई, इंदूबाई, तापानं फणफणली. दुपारी तिचा डोळा लागला तशी चारुशीला सवयीनं उशाशी बसली. मिनिट संपलं, आणि आई डोळे न उघडताच म्हणाली, "काहून मोजून राहिली वं? मराले टेकली का मी?"

"तुले कसं समजलं?"

"ओठातल्या ओठात पुटपुटतं ना तू. बावीस म्हणून थांबली. मले भेव वाटलं."

दहा वर्षांत हे चारुशीलाला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगितलं, त्यांचं बोलणं तिनंच आपल्या सुंदर अक्षरात 'भास' या रकान्यात उतरवून ठेवलं होतं.

सोमवारी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या अभ्यासाच्या लिहून झालेल्या पानांवर स्वतःच्या हातानं आडव्या रेघा ओढल्या. "शॉक बंद," ते म्हणाले. "बळीरामला तुम्हीच सांगा."

या वेळी ती बळीरामच्या समोर बसली. लाजेनं तिला मान वर करवत नव्हती. "बळीरामभाऊ, तुम्हाले भास नव्हता गा. तुमच्या मागं मीच बसत होती. मीच मोजत होती. माफ करा मले."

बळीरामनं तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. तिथं कौसल्या भाकरीची पिशवी घेऊन उभी होती. त्यानं हात जोडले.

"नाही, सिस्टरबाई. माझ्या मागं कोणीच नव्हतं. कधीच नव्हतं. मले समजलं आता."

"अगा, खरंच मी होती..."

"कोणी नव्हतं जी. आता घरी जाऊ द्या मले."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि तिचं उत्तर येईपर्यंत त्यानं श्वास रोखून धरला होता.