गधैया नाण्यावरचे सिंहासन

माझे संपूर्ण नाव त्र्यंबक नारायण सहस्रबुद्धे; मंडळी नाना म्हणतात. वय वर्षे एकोणऐंशी. पदवी नाही. नाणकशास्त्र मी ग्रंथालयात बसून, स्वतःच्या हिमतीवर शिकलो. काशीतल्या पंचगंगा घाटावरच्या आमच्या घरी दर रविवारी नाणेमंडळ भरते. नाणी जमवणाऱ्यांकडे नाण्यांहून किस्सेच अधिक साठतात, आणि ते खोटे आहेत हे कोणत्याही भिंगाने सिद्ध होत नाही!

त्या वर्षी मला एकच ध्यास होता. गधैया नाण्यावरील माझ्या चाळीस पानी निबंधाला विद्यापीठातील प्राध्यापकबाईंची प्रस्तावना मिळावी.

*

रामनगरचा नावाडी रामसूरत हा मंडळाचा सर्वांत उत्साही सभासद. दोरीला चुंबक बांधून तो नदीतून नाणी काढतो. एकदा त्याने ओंजळभर नाणी माझ्यापुढे ओतली. "पंडितजी, सब मौर्य काल के!"

सगळी चालू काळातली निघाली. मी समजावले, "मौर्यांची नाणी चांदीची आणि तांब्याची. चुंबक त्यांना ओढत नाही."

त्याने चुंबकाकडे तुच्छतेने पाहिले. "मतलब ई चुंबकवा अनपढ़ बा!"

*

मंडळातले आपटे बँकेतून निवृत्त झालेले. प्राचीन आहत नाण्यांवर, म्हणजे चिन्हे ठोकून घडवलेल्या नाण्यांवर, आणखी बारीक ठसे असतात. चांदी पारखणारे सराफ ते मारीत, असे अभ्यासक मानतात. काही नाण्यांवर तर आत तांबे दडवले आहे का, हे पाहण्यासाठी खोल चीर पाडलेली असते, असे मी एकदा मंडळात सांगितले.

"म्हणजे तेव्हाही कुणाचा कुणावर भरवसा नव्हता!" आपटे गहिवरले. "अगदी आमची ब्रँच हो, नाना!"

पुढच्या रविवारी त्यांनी पिशवीतून खिळा आणि हातोडी काढली. "एक ठसा माझाही मारू? फक्त चेकिंगचा!"

त्या दिवशी नाण्यांची पेटी मी मांडीवर घेऊनच बसलो.

*

सुमती, माझी धर्मपत्नी, मंडळाची सभासद नाही. केवळ चहा देते. गुप्तकाळातील एका सुवर्णनाण्याचे छायाचित्र मी दाखवीत होतो. "पाहा, राजा स्वतः वीणा वाजवीत आहे. केवढी ही कलासक्त संस्कृती!"

"आणि तोवर राज्य कोण बघत होतं?" सुमतीने विचारले.

उत्तरादाखल मी लगेच दुसरे छायाचित्र काढले. दुर्दैवाने त्यावर राजाशेजारी राणी उभी होती.

"हं," ती म्हणाली, आणि कप उचलून गेली.

*

शेवटी प्राध्यापकबाई आल्या. काशीतल्याच मराठी घरातल्या, पण परीक्षकासारख्या गंभीर. आपटे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. रामसूरतने चुंबक बाहेर ठेवला होता.

मी मध्ययुगातील ते चांदीचे गधैया नाणे त्यांच्या हाती देऊन निबंध वाचू लागलो. नाण्यावर सिंहासन आहे. त्याची पाठ उंच व ताठ आहे. शेजारचा ठिपका म्हणजे तक्क्या. यावरून तो समाज किती ऐषआरामी होता हे उघड होते...

बाईंनी नाणे हलकेच पाव वळण फिरवले.

"नाना, हा चेहरा आहे. मूळ नाणं इराणी राजाचं. इथले कारागीर शेकडो वर्षं, दर वेळी आधीच्या नाण्याची नक्कल करत गेले. नकलेची नक्कल! राजाला कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून नुसत्या रेघा आणि ठिपके उरले."

"मग तक्क्या?" मी विचारले.

"डोळा."

"आणि सिंहासनाची पाठ?"

"नाक."

कोणीही हसले नाही. रामसूरत तर छताकडे पाहत होता. इतक्यात चहाचा ट्रे घेऊन सुमती आत आली.

"अहो, घरी आणलंत त्याच दिवशी मी म्हटलं होतं, हे नाक दिसतंय. तर मला म्हणालात, आधी चष्मा लाव!"

बाईंनी पेन काढले. "वहिनी, पुन्हा एकदा सांगा. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य मिळालं."

निबंध आता चार पानांचा आहे. मंडळात आलेले प्रत्येक नवे नाणे प्रथम सुमतीच्या हाती दिले जाते, आणि चहा मी करतो.