ह्यांना मी नाचवलं, ते दोन दिवस

आमच्या ह्यांना ऐकायला कमी येतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त ह्यांना सोडून. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्याचं काम होतं तोवर चालून गेलं, कारण तिथे मान खाली घालून गप्प काम करणारा माणूस गुणाचाच समजला जायचा. निवृत्त झाल्यावर मात्र गंमत सुरू झाली. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा!" आणि हे पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "जाऊ की, संध्याकाळी जाऊ."

सुरुवातीला आम्ही हसायचो, हेही हसायचे. मग हळूहळू हे हसायचे थांबले. लग्नाला गेलो की जेवण झाल्याबरोबर "निघू या" म्हणायचे. मुलाचा हैदराबादहून फोन आला की "आईशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात. तरुणपणी जयंतीच्या मिरवणुकीत हा माणूस ढोल-ताशापुढे असा नाचायचा की सासूबाई गच्चीवरून "पुरे रे आता" म्हणून हात हलवायच्या. तोच माणूस आता कडेला, रसवंतीच्या फळीवर बसून मिरवणूक बघायचा. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "मला नीट ऐकू येतं. तुम्हीच लोक पुटपुटता."

आमच्या नाशिक रोडच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते. लॅपटॉपवर घरूनच नोकरी करते. ती बंगळुरूला असताना स्विंग नावाचा नाच शिकली होती. जोडीनं करायचा, जुन्या जॅझच्या गाण्यांवरचा, उड्या मारत, गिरक्या घेत करायचा नाच. तिनं आपल्या बंगळुरूच्या शिक्षक जोडप्याला शनिवार-रविवारसाठी नाशिकला बोलावलं आणि गंगापूर रोडवर एक योगाचा हॉल घेतला. आठवडाभर आधी ती आमच्याकडे आली.

"काकू, तुम्ही आणि काका या ना. मुलीच खूप झाल्यात, पुरुष कमी पडतायत."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ती मुलगी ह्यांची लाडकी, कारण ती ह्यांच्यासमोर उभी राहून, तोंडाकडे तोंड करून बोलते. ह्यांनी विचारलं, "वर्कशॉप? कसलं? मोटार दुरुस्तीचं?"

"नाचाचं, काका!"

"बरं," हे म्हणाले. तिला नाही म्हणणं ह्यांना कधी जमलेलं नाही.

शनिवारी सकाळी चांगलीच थंडी होती. हे माकडटोपी घालून स्कूटर चालवत होते आणि मी मागे शाल गुंडाळून बसले होते. हॉलमध्ये लाकडी जमीन, एका भिंतीला आरसा, आणि सगळी आमच्या मुलाच्या वयाची पोरं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे पोरांची मला सवय आहे, पण त्यांच्यासमोर स्वतः चुकायची सवय नव्हती.

शिकवणारा उंच, सडपातळ. त्याची बायको ठेंगणी, गुबगुबीत आणि पावलं टाकण्यात त्याच्याहून चपळ. दोघं हिंदी-इंग्रजीत बोलायचे. पहिल्यांदा पावलं शिकवली: एक पाय मागे टाकून परत पुढे यायचं, त्याला रॉक स्टेप म्हणतात, मग दोन्ही बाजूंना भरभर तीन-तीन छोटी पावलं. एवढं आम्हा दोघांना जमलं. मग जोड्या लावल्या. पुरुषांनी लीड करायचं, म्हणजे कुठे जायचं ते ठरवायचं, आणि बाईनं त्याच्या हाताच्या खुणेनं जायचं, म्हणजे फॉलो करायचं. गाणं लावलं.

सगळे निघाले. आम्ही उभेच.

"अहो, सुरू झालं," मी म्हणाले.

"हो, हो," म्हणून हे घाईनं निघाले, तोवर बाकीचे अर्ध्यावर पोचलेले. पुढच्या वेळी मी कानाशी मोठ्यानं सांगितलं, तर चारजण वळून बघायला लागले. त्यात दर थोड्या वेळानं जोडीदार बदलायचा होता. ह्यांच्यासमोर एक कॉलेजातली मुलगी आली. ती काहीतरी म्हणाली. ह्यांनी "काय?" विचारलं. ती पुन्हा म्हणाली. ह्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी हे नुसते हसले. ते हसू मी ओळखते. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या खिडकीपाशी, सगळीकडे ते तसंच असतं.

गाणं संपलं तेव्हा हे हॉलमध्ये नव्हते.

बाहेर पायऱ्यांवर बसले होते. मी शेजारी बसले.

"काय झालं?"

"काही नाही. तू जा, शीक तू."

"अहो, पण..."

"मला ऐकू येत नाही," हे म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. समोरून रिक्षा जात होत्या, हे तिकडेच बघत बोलत होते. "तो काय सांगतो ते कळत नाही. गाणं सुरू झालेलं बाकीचे हलले की कळतं. ती पोरगी बिचारी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. लाज वाटते गं."

मी ह्यांचा हात धरून बसले, तोही थंडगार. तेवढ्यात ती शिकवणारी बाई चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि आमच्या खालच्या पायरीवर बसली. मी तिला थोडक्यात सांगितलं. मला वाटलं आता ती "ओह अंकल" वगैरे करेल. तिनं तसलं काही केलं नाही. चहा प्यायली, कप ठेवला आणि ह्यांना उठायची खूण केली. स्वतःची बोटं आकड्यासारखी वाकवून ह्यांच्या बोटांत अडकवली, पकडली नाहीत. मग किंचित मागे झुकली, आणि ह्यांनाही तसंच झुकायला लावलं. दोघांच्या मध्ये हात ताणलेला. ह्यांच्याकडे तोंड करून, सावकाश तिनं विचारलं, "अब मैं किधर जाऊँगी?"

हे क्षणभर थांबले. "राइट," म्हणाले.

ती उजवीकडेच निघाली. "कैसे पता चला?"

"हाथ में आया ना," हे म्हणाले, जसं काही त्यात विचारण्यासारखं नव्हतंच.

ती माझ्याकडे वळली. उद्या तुम्ही लीड करा, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, बाईनं केलेलं चालतं का? तर म्हणाली, कोणीही करावं. ज्याला गाणं ऐकू येतं त्यानं पुढे व्हावं, एवढं सोपं आहे.

रविवारी खरी परीक्षा माझी झाली. घर मी आजवर तोंडानं चालवलंय. इथे तोंड वापरायचं नव्हतं. मी ह्यांना रस्ता ओलांडताना पोराला ओढावं तसं ओढत होते. बाई येऊन म्हणाली, "आंटी, खींचो मत. आप निकलो, अंकल आ जाएँगे." म्हणजे मी आधी माझा भार हलवायचा, हातानं काही करायचं नाही, आणि मागून माणूस येईल यावर विश्वास ठेवायचा. हे मला जड गेलं. मी निघायचे आणि लगेच मागे वळून बघायचे, येतायत का. खालच्या मजल्यावरची मुलगी शेजारून ओरडली, "काकू, बघू नका!"

मग एका गाण्याला मी बघितलं नाही. ठेका धरला, मागे पाय टाकला, पुढे आले आणि निघाले. आणि हे आले. हाताच्या टोकापर्यंत गेले, हात ताणला गेला, आणि त्या ताणानंच गर्रकन वळून परत माझ्यापाशी. ना उशीर, ना धक्का. ह्यांनी डोळे मिटले होते. इतकं हलकं बोट, की पेन्सिल धरावी तसं. मी जरा थांबले की हे थांबायचे, मी मुद्दाम चुकवायला गेले तर तिथेही हजर. संसारात ह्यांनी माझं इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं, असं मला वाटलं, आणि मला भर हॉलमध्ये हसू फुटलं. हे डोळे उघडून म्हणाले, "काय?" मी मान हलवली, काही नाही.

दुपारी शेवटी सगळ्यांनी मनाला येईल तसं नाचायचं होतं. ती कालची कॉलेजातली मुलगी आली. तोंडानं काही बोलली नाही, नुसता हात पुढे केला आणि स्वतःच लीड केलं. मग दुसरी आली, मग तिसरी. मी भिंतीला टेकून पाणी पीत होते. शिकवणारा माझ्याशेजारी येऊन म्हणाला, "आज का बेस्ट फॉलोअर." घामानं शर्ट भिजलेला आमचा माणूस, आणि पोरी त्याच्यासाठी थांबलेल्या.

सोमवारी सकाळी चहा घेताना हे आपणहून म्हणाले, "ते कान तपासायचं कुठे असतं गं?" मी साखरेचा डबा तसाच धरून उभी राहिले. जास्त उत्साह दाखवला असता तर बेत मोडला असता, म्हणून म्हणाले, "बघते विचारून."

तपासणी झाली, कानाचं यंत्र आलं. पहिले काही दिवस घरात ह्यांचीच तक्रार. पंखा एवढा आवाज करतो? तू भांडी अशी आपटतेस? मुलाशी मात्र आता इतका वेळ बोलतात की माझा नंबरच लागत नाही.

खालची मुलगी अजून कधीकधी संध्याकाळी गच्चीवर गाणं लावते आणि आम्हाला बोलावते. पण आता वेगळीच पंचाईत झालीय. ह्यांना गाणं ऐकू येतं! मी ठेका धरून निघायच्या आत हे निघालेले असतात, माझा पाय ह्यांच्या पायाखाली.

"अहो थांबा, मी अजून निघालेच नाही."

"गाणं निघालं की," हे म्हणतात. "तूच मागे पडतेस."

मग कोणी लीड करायचं यावर आमचं तिथेच भांडण होतं, आणि ती मुलगी बिचारी पुन्हा पहिल्यापासून गाणं लावते.