बिनड्रायव्हरच्या गाडीत धरलेल्या दोन जागा

दुबईची लोकसंख्या वाढवायला आमच्या घराण्याने हातभार लावला, त्या संध्याकाळी मी चुकीच्या डब्यात होतो.

मी भिंगारचा. लेक प्राजक्ता आणि जावई निखिलराव दुबईत नोकरीला. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून मी आणि सुशीला (माझी बायको, माहेर शेवगावकडचं) तिकडे गेलो. ती लगेच कामाला लागली. मी खिडकीत बसून रहदारी बघायला लागलो. काय ती माणसं! आमच्या नगर जिल्ह्यात पाऊस रुसला की लोक गाव सोडून जातात. इथं मुळात पावसाचा पत्ता नाही, चहूकडे वाळू, आणि सगळं जग राहायला येतंय! रोज नवी इमारत, रोज नव्या गाड्या. रस्ते नदीएवढे रुंद, तरी भरलेले.

एका संध्याकाळी दवाखान्यातून निखिलरावांचा फोन आला. लेकीला तपासायला म्हणून घेऊन गेले होते.

"बाबा, तिला ठेवून घेतलंय. सारखी आई, आई करतेय. टॅक्सी करा आणि लगेच निघा."

मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता तुंबलेला. "मेट्रो!" मी जाहीर केलं.

"कशानं बी न्या," सुशीला चपला घालत म्हणाली, "पर बाळ व्हायच्या आत मला पोरीजवळ पोचवा."

प्लॅटफॉर्मवर ही गर्दी! ती बघितली आणि माझ्या अंगात आमची शेवगाव एसटी संचारली. जागा धरणं ही आमच्याकडे कला आहे, महाराज! गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, पुरुषमाणसाने कोपरं मारत आत घुसायचं आणि बाईमाणसाने गर्दी ओसरल्यावर सावकाश चढायचं. ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत वेळच वेळ असतो.

"तू मागून सावकाश ये, मी जागा धरतो!" म्हणून मी मुसंडी मारली. इथल्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून रुमाल दारातूनच फेकला. एका सीटवर रुमाल, शेजारच्या सीटवर पिशवी (तिच्यात आम्हा दोघांचे मोबाईल. सुशीलाकडून हरवतील म्हणून मीच सांभाळतो!) आणि मी समोर उभा राहून पहारा देत होतो.

विजयी मुद्रेने वळलो, तर दारं बंद! काचेपलीकडे सुशीला काहीतरी म्हणत होती. ऐकू आलं नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर ऐकू यावं लागत नाही.

"थांबवा! आमचं माणूस राहिलंय!" मी ओरडलो. कंडक्टर दिसेना. घंटीची दोरी सापडेना. पिशवी उचलून धावत पार पुढे गेलो, म्हटलं ड्रायव्हरची काच ठोकू. तर तिथं ड्रायव्हरच नव्हता! गाडी आपली एकटीच धावत होती!

"आवो काका, हा बायकांचा डबा हाय! दंड करत्याल!" मागून चक्क मराठी.

मी वळून पाहिलं. डब्यात सगळ्या बायका, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. बोलणारी मुलगी नर्सच्या कपड्यांत होती.

"तू कुठली गं?"

"मिरजगावची."

"अरे वा! मी भिंगारचा! मिरजगावात कुणाची?"

आता गाववाली भेटल्यावर कूळ-मूळ विचारणं भागच असतं. तिची आत्या आमच्या मागच्याच आळीत दिलेली निघाली! मग आत्याची तब्येत, आत्याची मुलं, मुलांची लग्नं... या गडबडीत दोन स्टेशनं मागे गेली.

"पर काका, काकू कुठं हायत?"

"अगं देवा! ती मागेच राहिली!"

"मंग हितं काय करताय? उतरा की!"

उतरलो. उलटी गाडी पकडली. वाटेत समोरून एक गाडी सर्रकन गेली. (तिच्यात सुशीला होती, हे मला मागाहून कळलं.) आमच्या स्टेशनवर उतरून बघतो तर प्लॅटफॉर्मवर सुशीला नाही! खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. तिकडे लेक आईचा धावा करतेय, आणि इकडे तिची आई मी वाळवंटात हरवली! निखिलरावांना फोन करावा, तर कुठल्या तोंडाने सांगू, की तुमच्या सासूबाई माझ्याकडून सांडल्या?

तास-दीड तास सगळं स्टेशन पालथं घातलं आणि शेवटी तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याला गाठलं.

"क्या पहना है उन्होंने?"

"साडी."

"कौनसा रंग?"

रंग? मी खूप आठवून पाहिलं. "हमेशा का," मी म्हणालो.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. निखिलराव!

"बाबा, मुलगी झाली! दोघी छान आहेत!"

मला हुंदकाच फुटला. "आनंद आहे हो, निखिलराव, पण सुशीला... सुशीला हरवली!"

"आई? आई तर केव्हाच आल्या! प्राजक्ताला आत नेईपर्यंत तिचा हात धरून होत्या. बाळालाही पहिलं त्यांनीच घेतलं."

"एकटी? एकटी कशी पोचली?"

सुशीलाने फोन ओढून घेतला. "आवो, पोरीसंगं तपासायला मी दर खेपंला याच गाडीनं येत हुते! तुमी खिडकीत बसल्यालं, तुमाला काय ठावं? मागली गाडी लगीच आली. एका पोरीनं उठून मला जागा दिली. कुठल्या मुलखाची हुती, द्येव जाणे. लई माया हाय हितल्या मानसांत. आता नात बघाया या लवकर!"

"आलोच!" मी म्हणालो. "पण... यायचं कसं?"

पलीकडून ऐकू आलं, "जावईबापू, आदी ह्यांना घिऊन या. बाळ काय कुटं पळत न्हाई."

निखिलराव आले. त्यांना बघून मी घट्ट मिठी मारली, आणि आम्ही दोघंही भर स्टेशनात रडलो. दवाखान्यासमोर पोचलो, तर रस्त्यावर गाड्यांचा पूर लोटला होता. नात बघायच्या घाईत मी पाऊल पुढे टाकलं, तसा त्यांनी झटकन माझा हात धरला.

"बाबा, थांबा. आधी डावीकडे बघायचं."

बिचारा बाप होऊन तासही झाला नव्हता, आणि हात धरून रस्ता ओलांडून द्यायला त्याला पहिलं लेकरू मिळालं ते मी!