धुराड्यातून आलेला होकार

सांगा बरं, धुराडं साफ आहे हे कोणाच्या शब्दावर मानायचं? झाडणाऱ्याच्या, घरमालकाच्या, की धुराच्या?

माझं इतवारीत चुना-विटांचं दुकान. साहेबलोकांचं बघून आपल्याही वकील-इंजिनियरांनी भिंतीत अंगीठ्या बांधून घेतल्या, आणि त्यांची धुराडी झाडून द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. माणसं दोन. वरचं अर्धं धुराडं छपरावरून मारुती झाडी, खालचं अर्धं अंगीठीपासून दौलत. काजळी दर हिवाळ्यात खरवडून निघते, किस्से मात्र साचत जातात.

कामठीला एक बाई एकट्या राहत. दिवेलागणीला त्यांच्या धुराड्यात कोणी दम लागल्यासारखं श्वास घेई. त्यांनी त्या खोलीत जाणंच सोडलं होतं. मारुतीनं वरून डोकावलं, तर घुबडाची तीन पिल्लं. ती उडून जाईपर्यंत थांबलो, मग तोंडावर जाळी बसवली. आठ दिवसांत बाईंचा निरोप आला, जाळी काढा. दौलत विचारायला गेला तर म्हणाल्या, "घर लय सुनं वाटून राहिलं गा."

सीताबर्डीच्या एका वकिलांच्या अंगीठीवर वडिलांची तसबीर होती. विस्तव विझून रात्र उलटली तरी तिथली भिंत गरमच. वडील रागावले म्हणून वकिलांनी शांती करवली. मी तसबीर उचलून पाहिली, तर मागची फळी काळी पडलेली. ओल्या लाकडानं आत डांबरासारखी काजळी धरली होती, आणि तीच धुमसत होती. मारुती म्हणाला, "शांती केली ते बरंच केलं साहेब. आता वाळलं लाकूडही जाळा."

पण तेलंगखेडीच्या वाटेवरच्या त्या बंगल्याचं मला अजून उमगलेलं नाही.

आमची रीत अशी, की झाडून झालं की मारुती वरून विचारी, "दिसते का गा?" अंगीठीतून दौलतला आभाळ दिसलं की तो "दिसते" म्हणे. मग मी वहीत 'साफ' लिही, आणि त्या शब्दावर घरात विस्तव पेटे.

डिसेंबरातली दुपार होती. बंगल्याचे मालक इंजिनियर. त्यांची बायको दीड महिन्याचं बाळ घेऊन माहेरून येत होती. बाळाला ऊब हवी म्हणून खोलीच्या खिडक्यांच्या फटीही कापडानं बुजवलेल्या. मी पोचलो तेव्हा मारुती छपरावर होता. त्यानं आत हाक मारली, कान दिला, आणि मला हातानं ठीक अशी खूण केली. मी 'साफ' लिहिलं.

टांगा आला. इंजिनियरांनी खिशातून किल्ली काढून खोली उघडली, बाळाला आत निजवलं आणि लाकडं रचली. तेवढ्यात फाटकातून दौलत आला, पंक्चर सायकल ढकलत. "उशीर झाला शेट. मारुती चढला का वर?"

मी धावलो. इंजिनियरांच्या हातातली पेटलेली काडी फुंकून विझवली.

मारुतीनं दोरीला वीट बांधून सोडली. ती निम्म्यावरच अडकली. आतलं बांधकाम ढासळून वाट पार बुजली होती. विस्तव पेटला असता तर सगळा धूर त्या बंद खोलीतच कोंडला असता.

मारुती खाली उतरला आणि थेट दौलतपाशी गेला.

"मले वाटलं तू चेष्टा करून राहिला," तो म्हणाला. "मी इचारलं, दिसते का गा? तर खालून आलं, 'दिसून राहिला तू.'"

मी 'साफ' खोडलं. तुम्हीही एवढं करा. तुमच्या घरच्या वहीत, जे धुराडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यापुढे 'पाहिलं नाही' असंच लिहा. हिशोब खरा ठेवा.